उत्तर मिळाले नाही

“अहो, वाजला की तो केव्हाच,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “काढा आता. अंडं उबवताय का काखेत?”

तो पलंगाच्या कडेला, डाव्या काखेत थर्मामीटर दाबून, ताप मोजून व्हायची वाट पाहत बसला होता. पाऱ्याचा जुना थर्मामीटर गेल्या आठवड्यात फुटला म्हणून हा नवा आणलेला, आकड्यांचा. मोजून झालं की आपणहून वाजतो, असं दुकानदार म्हणाला होता. त्याने तो काढून खिडकीकडे धरला. नव्याण्णव पूर्णांक चार. आकडे स्थिर होते, म्हणजे मोजून झालं होतं. “वाजला?” त्याने विचारलं. “चांगला दहा वेळा. मला इथं नळ चालू असताना ऐकू आला,” ती म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. ताप विशेष नव्हता. अकरा दिवस धड झोप नसलेल्या माणसाला असावी तेवढीच कणकण. तरी त्याने दार लोटून घेतलं. सोबतच्या घडीच्या कागदावर लिहिलं होतं की बटण दाबताच एक बारीक आवाज होईल. त्याने थर्मामीटर उजव्या कानाला लावला आणि बटण दाबलं. डाव्या कानाला लावला आणि दाबलं. बोटाला बटणाचा खटका कळला, काचेत आकडे उमटले आणि विझले, बाकी काही नाही. पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो आणि मिटतो तसं. मग त्याने बायकोला हाक मारली. “हा बिघडलाय बहुतेक.” ती ओले हात पदराला पुसत दारात आली, तिथूनच हात लांब करून तिने बटण दाबलं, आणि म्हणाली, “हा काय, वाजतोय की.” ती गेली. तो तसाच बसून राहिला, आणि खालून, पावलांकडून, गार काहीतरी वर चढू लागलं.

कारण तो पंच होता. मोजणीखात्यातली नोकरी सांभाळून आधी क्लबचे सामने, मग राज्याचे, आणि गेली चौदा वर्षं आंतरराष्ट्रीय. एकूण सव्वीस वर्षं तो पांढरी टोपी घालून यष्टींमागे उभा राहिला होता. खेळाडू त्याला मास्तर म्हणत. शाळेत त्याने एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण अपील झालं की तो लगेच काही करत नसे, मान किंचित कलती करून तीन सेकंद थांबे, आणि त्या तीन सेकंदांत अकरा दांडगे पुरुष वर्गातल्या पोरांसारखे त्याच्या बोटाकडे बघत राहत, म्हणून मास्तर. नव्या पंचांना तो सांगायचा, डोळे फसवतात रे, डोळ्यांना जे हवं ते दिसतं. चेंडूला बॅटची कड लागली की नाही हे कानाला विचारा. आधी कान, मग डोळे. हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की ते त्याच्या नावाने फिरत असे, आणि फिरतं म्हणून त्याला मनातून बरंही वाटे.

अकरा दिवसांपूर्वी, सामन्याच्या चौथ्या दिवशी, चहापानाला दहाएक मिनिटं असताना चेंडू बॅटच्या अगदी जवळून गेला आणि कीपरच्या हातात विसावला. अकराच्या अकरा हवेत उडाले. तसं ओरडणं खोट्या अपिलात नसतं. खोट्या अपिलात प्रत्येक जण दुसऱ्याकडे एकदा बघतो. त्याला ते जाणवलं होतं, हे आता पलंगावर बसून त्याला नीट आठवलं. पण त्याने मान कलती केली, आपल्या कानाला विचारलं, कान म्हणाला काही नाही, आणि त्याने मान हलवली. नाबाद. बॅट्समन खाली बघून ग्लोव्हज आवळत होता. त्यांना जिंकायला फक्त एक्केचाळीस धावा हव्या होत्या आणि हाच एक टिकून होता. मिडऑफवरून कॅप्टन चालत आला, छत्तीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, हे आपलं शेवटचं वर्ष असं सगळ्यांना सांगून बसलेला. “मास्तर,” तो म्हणाला, “कानात बोळे घातलेत का?” यष्टींजवळच्या मायक्रोफोनने ते उचललं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं. पडद्यावर पुन्हा तपासून बघायची सोय या मालिकेत नव्हती. दोन्ही देशांच्या क्रिकेट मंडळांचं त्यावर जमलंच नव्हतं. चहाला सगळे आत गेले. वीस मिनिटांनी दोन पंच आणि दोन बॅट्समन मैदानात आले. अकरा जण आले नाहीत.

रिकाम्या मैदानात उभं राहणं म्हणजे काय असतं हे ज्याला त्याला उभं राहूनच कळतं. आधी लोक हसले, मग शिट्ट्या, मग एक असा गोंगाट की ज्याला तोंड नव्हतं. तो आणि जोडीदार पंच, त्याच्याहून बारा वर्षांनी धाकटा, दोघं मिळून एकदा वर ड्रेसिंग रूमशी जाऊन आले. दारात त्या संघाचा मॅनेजर आडवा उभा होता, चर्चा चालू आहे म्हणाला. पंधरा मिनिटांनी पुन्हा जायची वेळ झाली तेव्हा बॅट्समन कुरकुर करू लागले होते, म्हणून जोडीदार खालीच थांबला आणि तो एकटा वर गेला. लांब बोळ, तपकिरी रंगाचं दार, मलमाचा वास. मॅनेजर नव्हता. त्याने दारावर तीनदा टकटक केली आणि नियमातलं वाक्य मोठ्याने म्हटलं: “कॅप्टन, तुम्ही खेळायला येणार आहात की नाही? हे शेवटचं विचारतोय.” आतून ट्रंक सरकवल्यासारखं काहीतरी घरंगळलं. त्याने घड्याळात बघून एक मिनिट मोजलं. मग तो खाली आला, मधोमध गेला, आणि आधी या टोकाच्या, मग त्या टोकाच्या बेल्स उचलून खिशात टाकल्या. सामना समोरच्या संघाला बहाल झाला. एवढ्या वर्षांच्या खेळात हे असं किती वेळा झालंय ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. संध्याकाळी त्याने रिपोर्ट लिहिला. दोन वेळा विचारणा केली, उत्तर मिळाले नाही. जोडीदाराने वाचलं आणि म्हणाला, “मी वर नव्हतो, पण तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच,” आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी कॅप्टनने निवेदन काढलं की मी आतून उत्तर दिलं होतं. पाच मिनिटं द्या मास्तर, पोरांना समजावतोय, येतो, असं मी म्हणालो, आणि पाच मिनिटांत आम्ही जिन्यापर्यंत आलो तर बेल्स उडवलेल्या. लोक हसले. दोन वर्षांची बंदी डोक्यावर लटकली की माणूस काहीही बोलतो, असं सगळ्यांचं मत पडलं. तोही हसला होता. खोटं बोलायचं तर निदान दाराला ऐकू जाईल असं तरी बोलावं, असं तो बायकोला म्हणाला होता आणि आपल्याच विनोदावर खूश झाला होता. आता त्याला तो घरंगळण्याचा आवाज पुन्हा आठवू लागला. ट्रंक सरकते तेव्हा आवाज एका लयीत जातो. तो आवाज मध्ये तुटला होता, पुन्हा लागला होता, शेवटी खाली उतरला होता, वाक्य संपताना उतरतो तसा. त्याने डोळे मिटून तो पुन्हा पुन्हा ऐकला, आणि दर वेळी त्यातली ट्रंक थोडी कमी होत गेली आणि माणूस थोडा जास्त. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी आठवण आली, जिच्याकडे त्याने इतके दिवस कानाडोळा केला होता. सामन्यानंतरच्या रविवारी टीव्हीवर ते अपील दाखवत होते. आता नीट ऐका, असं कॉमेंट्रीवाला म्हणाला, चित्र मंद झालं, चेंडू बॅटजवळून पोहत गेल्यासारखा गेला, आणि काहीच ऐकू आलं नाही. “बघ,” तो बायकोला म्हणाला होता, “आहे का काही? उगाच आरडाओरडा.” तिने त्याच्याकडे बघितलं होतं. तेव्हा त्याला वाटलं, कौतुकाने. आता ती नजर त्याला जशीच्या तशी दिसली, आणि तिच्यात कौतुक नव्हतं. नवरा धडधडीत खोटं बोलतोय आणि आपण त्याला सांभाळून घ्यायचं आहे, असं स्वतःशी ठरवणाऱ्या बाईची ती नजर होती.

मंडळाने नेमलेली चौकशी परवावर आली होती. त्या दुपारी तो घराबाहेर पडला, मोजे आणतो म्हणून. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, अशा एका रस्त्यावर चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये कान तपासायची जागा होती. टेबलापलीकडच्या मुलीने नाव विचारलं. त्याच्या तोंडून मेहुण्याचं नाव गेलं. वय विचारलं तेव्हा मेहुण्याचं वय चटकन आठवेना, म्हणून आपलंच सांगितलं, अठ्ठावन्न. हे सगळं बोलताना त्याला घाम फुटला होता, आणि आश्चर्य याचं वाटत होतं की हे इतकं सोपं असतं. मुलीने त्याला एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना आतून गाद्या लावल्यासारखं काहीतरी जाड राखाडी, काचेची एक खिडकी, खिडकीपलीकडे ती. कानांवर जड हेडफोन आले, हातात दोरीला लावलेलं बटण आलं. “काका, आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी. घाई नाही.” दार बंद झालं, आणि बाहेरचा रस्ता, गाड्या, पंखा, सगळं कुणी पुसून टाकावं तसं गेलं. राहिला तो स्वतःच्या रक्ताचा आवाज.

पहिले आवाज जाड होते, बोटीच्या भोंग्यासारखे, लांबून येणारे. त्याने दाबलं, दाबलं, पुन्हा दाबलं. त्याला हायसं वाटलं. येतंय की सगळं. मग आवाज चढत गेले, पातळ होत गेले, आणि मग मध्येच ते थांबले. तो वाट बघत राहिला. काचेपलीकडे मुलगी खाली मान घालून काहीतरी फिरवत होती. तिचा हात हलत होता, म्हणजे आवाज सोडले जात होते. इथे, या खोलीत, त्याच्या दोन्ही कानांच्या भोकांशी येऊन कुणीतरी काहीतरी म्हणत होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मैदानात कधी वाटली नव्हती अशी भीती त्याला वाटली. सव्वीस वर्षं. कधीपासून? हे कधी सुरू झालं? दोन वर्षं, पाच, दहा? त्याला एकामागून एक बोलर दिसू लागले, वळून कमरेवर हात ठेवून उभे राहिलेले, आकाशाकडे बघणारे, मातीत लाथ मारणारे. मास्तरांना ऐकू आलं नाही म्हणजे नसेलच, असं म्हणून मुकाट्याने परत रनअपला जाणारे. एक उंच, दात पुढे असलेला पोरगा होता, पहिल्याच सामन्यात त्याला एकही विकेट मिळाली नाही आणि दुसरा सामना मिळालाच नाही. त्याचं ते अपील कसं होतं? आणि मग त्याने बटण दाबलं. काही ऐकू आलं नव्हतं. नुसता अंदाज. मुलीचा खांदा हलला की दाबायचं, असं त्याने ठरवलं. खांदा हलला, दाबलं. हलला, दाबलं. थोड्या वेळाने दार उघडलं आणि ती आत डोकावली. रागावली नव्हती, तिला बहुधा याची सवय होती. “काका,” ती म्हणाली, “आवाज सोडला नाही तेव्हाही तुम्ही बटण दाबताय.” त्याची मान खाली गेली. एवढ्या वर्षांत त्याने हजारो खोटी अपिलं फेटाळली होती. स्वतः केलेलं हे पहिलंच.

तिने कागद दिला तो त्याला मोजणीखात्यातल्या नकाशासारखा दिसला, डोंगराच्या उभ्या कापाचा. रेषा बराच वेळ पठारावरून चालत जात होती आणि मग कडा आल्यासारखी एकदम खाली कोसळत होती. “वयोमानाने होतं, घाबरण्यासारखं काही नाही,” मुलगी म्हणाली. “जाड आवाज तुम्हाला उत्तम येतात. बारीक, तीक्ष्ण आवाज येत नाहीत. पक्ष्यांचे, घड्याळाच्या गजराचे. समोर तोंड दिसत असेल तर बोलणं कळेल. पाठमोरं किंवा दाराआडून कुणी बोललं तर नुसती गुणगुण वाटेल, शब्द सुटणार नाहीत.” “हे किती दिवसांचं असेल?” त्याने विचारलं. “हे हळूहळू होतं, काका. माणसाला स्वतःला शेवटी कळतं. घरच्यांना आधी कळतं.”

घरच्यांना त्या दिवशी कळलं ते वेगळ्याच रीतीने. त्याने कोट टांगला, बायकोने खिशातून रुमाल धुवायला काढला, सोबत कागद आला, आणि त्यावर तिच्या सख्ख्या भावाचं नाव. “दादाला काय झालं?” ती धावतच बाहेर आली, चेहरा पांढरा. “हे कसले रिपोर्ट? मला कुणी काही सांगत का नाही?” ती फोनकडे निघाली तेव्हा त्याने तिचा हात धरला. मग सगळं सांगावं लागलं. सांगताना तो तिच्या ओठांकडे बघत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण गेली कित्येक वर्षं लोकांच्या ओठांकडेच बघतोय. ती कागद मांडीवर सरळ करत बसली. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हता करत.” “काय?” “मी आतून काहीही बोलले की तुम्ही नुसतं हं म्हणता. मला वाटायचं, कंटाळलात तुम्ही मला. मी मग कमी बोलायला लागले.” ही आणखी एक, मैदानात नसलेली, मुकाट्याने परत गेलेली. पण ती लगेच सावरली, कागदाची बारीक घडी केली आणि तिचा आवाज त्याला माहीत असलेल्या, व्यवहाराच्या जागी आला. “हे कुणाला दाखवायचं नाही. चौकशीत जे लिहिलंय तेच वाचायचं आणि घरी यायचं. तुम्हाला कुणी कान दाखवा म्हणणार आहे का? बोललात तर लोक आपल्याला फाडून खातील. सव्वीस वर्षांचं सगळं उकरतील. तो कॅप्टन आज ना उद्या रिटायर होणारच होता.” ती घाबरली होती. तिचं चूक होतं असंही त्याला वाटलं नाही. “बरं,” तो म्हणाला.

चौकशीच्या सकाळी ती त्याच्यासोबत आली आणि फाटकाशी बाकावर बसून राहिली. वर, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लांबलचक टेबल होतं, काळं, आरशासारखं. एका टोकाला चौकशीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, खाली बघून बोलणारे गृहस्थ. दुसऱ्या टोकाला तो. मध्ये लेखनिक, मंडळाचा सचिव, आणि डाव्या हाताला कॅप्टन आणि त्याचा वकील. कॅप्टनने दाढी केली नव्हती. त्याने एकदा मास्तरांकडे बघितलं आणि पाण्याच्या ग्लासकडे नजर वळवली. जोडीदार पंच दाराजवळच्या खुर्चीत होता. मास्तरांनी रिपोर्ट वाचून दाखवला. कागद टेबलावर ठेवून, स्थिर आवाजात. उत्तर मिळाले नाही. संपलं. आता घरी. खिशात कागदाची घडी होती. कुणाला दाखवायची नाही असं बजावलेली, तरी सोबत आणलेली. अध्यक्षांनी चष्मा पुसला, ते खाली बघत काहीतरी पुटपुटले, आणि खोलीतले सगळे त्याच्याकडे बघू लागले. म्हणजे प्रश्न होता. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “हो.” हे तो विचार करून म्हणाला नाही. वर्षानुवर्षांची सवय, न कळलेल्या वाक्याला हो म्हणायचं, बहुतेक वेळा खपून जातं. लेखनिकाने ते लिहून घेतलं. कॅप्टनचं डोकं झटक्याने वर आलं. त्याच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. दारापाशी जोडीदार खुर्चीत पुढे सरकला. खोलीत काहीतरी घडलं होतं, आणि ते त्याच्या तोंडून घडलं होतं, आणि ते काय होतं हे एकट्या त्यालाच माहीत नव्हतं. आतापर्यंतची सगळी भीती लोकांना कळेल याची होती. ही भीती दुसरी होती. आपण या टेबलाशी बसून, यापुढे आयुष्यभर, कशाकशाला हो म्हणत जाणार आहोत याची.

“माफ करा,” तो म्हणाला. “मी हो नेमकं कशाला म्हणालो?”

अध्यक्षांनी वर बघितलं. तोंड दिसलं, शब्द सुटे झाले. “मी विचारलं, कॅप्टन या चौकशीपुढे जाणूनबुजून खोटं बोलत आहेत, असं आपलं म्हणणं आहे का? आपण हो म्हणालात.”

“मी प्रश्न ऐकलाच नाही,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही, साहेब.” हे तो फार मोठ्याने म्हणाला असावा, कारण लेखनिक दचकला. मग त्याने घडी उलगडून कागद टेबलावरून सरकवला. तो मधेच अडकला. कॅप्टनच्याच समोर. कॅप्टनने तो न वाचता पुढे ढकलला. अध्यक्ष तो वाचून म्हणाले, “यावर नाव दुसऱ्याच कुणाचं आहे.” “माझ्या मेहुण्याचं,” तो म्हणाला. “मी घाबरलो होतो.” कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, आधी थर्मामीटर, मग गादीची खोली, मग तो घरंगळण्याचा आवाज. “आतून कुणी उत्तर दिलं नाही, असं मी लिहिलंय. तसं मला लिहिता येणार नाही. मला उत्तर ऐकू आलं नाही, एवढंच मला माहीत आहे. त्या अपिलाचंही तसंच.” अध्यक्ष म्हणाले, अपिलाचा प्रश्न या चौकशीत येत नाही. तो म्हणाला, “माझ्या चौकशीत येतो.” जोडीदार खिडकीबाहेर बघत होता. अध्यक्षांनी अर्ध्या तासाची सुटी दिली.

तो जिन्याने खाली उतरू लागला. पहिल्या वळणावर तो कठडा धरून थांबला. मागून जड बुटांचे आवाज आले; ते त्याला चांगले ऐकू यायचे. कॅप्टन होता. तो दोन पायऱ्या खाली जाऊन समोर, उजेडात, तोंड दिसेल असा उभा राहिला, आणि हे त्याने मुद्दाम केलं हे लक्षात येऊन मास्तरांना जास्तच अवघडल्यासारखं झालं. “मास्तर,” तो म्हणाला, “वकील म्हणतोय, आता बंदी टळली. तुमच्या कागदामुळे.” “बरं झालं,” तो म्हणाला. कॅप्टनने तोंडावरून हात फिरवला. “पाच मिनिटं द्या, असं मी म्हणालो नव्हतो. ते आम्ही नंतर रचलं. मॅनेजरने शब्द दिले, मी पाठ केले. मी आतून म्हणालो होतो, जा मास्तर, नाही येत. बहिऱ्यापुढे मला खेळायचं नाही.” त्याने मान वळवली, मग आठवण होऊन पुन्हा समोर आणली. “मी चिडून म्हणालो. मला काय माहीत.”

मास्तर कठडा धरून उभा राहिला. बेल्स उचलल्या ते बरोबर होतं म्हणजे. उत्तर होतं, आणि ते नाही असंच होतं. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याने ऐकलं की आपण विचारतोय. “आणि ती कड? खरं सांग. लागली होती?”

“लागली होती, मास्तर. मिडऑफला ऐकू आली मला. टिक् करून. तुमच्या जोडीदाराने सुद्धा ऐकली असणार, स्क्वेअर लेगवर मान वर झाली होती त्याची.” आणि मग, मास्तरांचा चेहरा बघून, घाईने, “पण होतं असं. सगळ्यांचं होतं.”

दाराआडचं उत्तर कळलं तेव्हा आली नाही ती भीती आता आली, आणि ती थंड नव्हती, ऊन होती, कानांच्या पाळ्यांत धडधडणारी. आता ते बोलर नुसते डोळ्यांपुढे येऊन जाणारे राहिले नव्हते. त्यांच्यापैकी निदान एक खरा होता. “आत जाऊन सांगू का?” कॅप्टन विचारत होता. “मी काय बोललो ते. सांगितलं तर दोन वर्षं नक्की. नाही सांगितलं तर तुम्ही तेवढे खोटे पडता. तुम्ही म्हणाल तसं करतो.” तो थांबून बघत राहिला, आणि मास्तरांना ती नजर ओळखीची होती, अपिलानंतरच्या तीन सेकंदांतली. सांग, असं म्हणावंसं त्याला वाटलं, फार वाटलं, इतकं की त्याला स्वतःचीच धास्ती बसली. “मला विचारू नकोस,” तो म्हणाला. “मी आता पंच नाही.”

मग कॅप्टन बाजूने वर गेला. मास्तर वळला नाही. बुटांचे आवाज एक एक पायरी चढत गेले, वर पोचले, आणि न थांबता चौकशीच्या खोलीच्या दिशेने गेले.

निकाल पुढे नऊ दिवसांनी लागला. कॅप्टनने आपणहून सगळं कबूल केलं म्हणून दोन वर्षांची बंदी एक वर्षावर आली, पण छत्तीसच्या पुढे ते एक वर्षही पुरेसं होतं. तो पुन्हा खेळला नाही. सामना रेकॉर्डमध्ये बहाल केलेलाच राहिला. मास्तरांना मंडळाचं आभाराचं पत्र आलं, नाव पंचांच्या यादीतून काढल्याचं कळवणारं. आणखीही पत्रं आली, बायको म्हणाली होती तशीच. काही शिव्यांची, काही त्याहून वाईट, म्हणजे सभ्य. एका जुन्या बोलरने फक्त तारीख, मैदान आणि बॅट्समनचं नाव लिहून पाठवलं, खाली प्रश्नचिन्हही न देता. ते पत्र त्याने बराच काळ उघडून ठेवलं. उत्तर काय लिहायचं हे त्याला सुचलं नाही, पण नाही लिहायचं असंही त्याने ठरवलं नाही.

चौकशीच्या त्या दुपारी मात्र तो उरलेला जिना उतरून फाटकाशी आला. बायको बाकावरून उठली. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, कुणीतरी सारखा भोंगा वाजवत होता. ती त्याच्या बाजूने चालू लागली आणि चालता चालता, समोर बघत, काहीतरी म्हणाली. त्याच्या ओठांवर हं आलं होतं. तो थांबला.

“काय म्हणालीस?” तो म्हणाला. “मला ऐकू आलं नाही.”

ती पुढे गेली होती, ती परत आली. फुटपाथवर त्याच्या अगदी समोर उभी राहिली, येणाऱ्याजाणाऱ्यांना वळसा घालायला लावत, आणि एक एक शब्द सुटा करून म्हणाली, “घाबरलात का, असं विचारलं.”

“हो,” तो म्हणाला. “फार.”